सोपा ट्रेक

ट्रेक म्हणजे डोंगरावर पायी जाणे आणि पायी परत येणे. या व्याख्येचा दुसरा भाग नवशिक्याच्या ध्यानात साधारणपणे माथ्यावर पोहोचल्यानंतर येतो. मराठीत या उद्योगाला गिरिभ्रमण, दुर्गभ्रमण, पदभ्रमण असे भारदस्त शब्द आहेत; ते मुख्यतः प्रमाणपत्रांवर आढळतात. चढणारे नुसते ‘ट्रेक’ म्हणतात आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘सुट्टीच्या दिवशी नसती तंगडतोड’ म्हणतात. मुलुंडच्या एका जुन्या संस्थेने तर स्वतःचे नावच ‘चक्रम हायकर्स’ ठेवून वडीलधाऱ्यांशी वादाला जागाच ठेवलेली नाही.

महाराष्ट्रात या छंदाला लागणारा कच्चा माल मुबलक आहे. राज्यात साडेतीनशेच्या घरात किल्ले मोजले जातात आणि त्यांतले बरेचसे सह्याद्रीच्या माथ्यावर बसलेले आहेत. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात, एक तमिळनाडूत. त्यांतल्या लोहगडावरची पावसाळी रविवारची गर्दी मात्र त्याआधीपासूनच जागतिक दर्जाची होती.

सह्याद्रीची घडण नवशिक्याने आधीच समजून घेतली तर पुढचा मनस्ताप वाचतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यामुळे हा डोंगर सरळ वर जात नाही. उभा कातळ, मग सपाटी, मग पुन्हा उभा कातळ, असा टप्प्याटप्प्याने जातो. खालून पाहणाऱ्याला पहिल्या टप्प्याची कडा हीच शिखर वाटते. तिथवर धापा टाकत पोहोचले की पुढे एक ऐसपैस पठार लागते आणि पठाराच्या टोकाला खरा डोंगर निवांत उभा असतो. या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आला आहे. तिसऱ्या पठारावर उभ्या असलेल्या नवशिक्याला दोन्ही अर्थ तितकेच पटतात.

पहिला प्रश्न असतो गड कोणता निवडावा हा, आणि इथेच ‘सोपा’ या शब्दाशी गाठ पडते. ट्रेकच्या परिभाषेत ‘सोपा’ या शब्दाचा अर्थ एकच: सांगणारा तिथून परत आलेला आहे. यापलीकडे त्यातून काहीही सिद्ध होत नाही. राजमाची सोपी आहे, हे खरे. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे, गाडीरस्ताच म्हणा ना. फक्त ती 15 किलोमीटरच्या आसपास आहे, ही गोष्ट सांगणाऱ्याच्या लेखी किरकोळ असते. कोंढाणे लेण्यांच्या बाजूने गेले तर अंतर कमी पडते, पण मग ते उभे पडते. हरिश्चंद्रगडाची गोष्ट आणखी वेगळी. पाचनईहून तो घरगुती आहे, खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे लांबलचक आहे आणि कोकणातून नळीच्या वाटेने तो नवशिक्याचे कामच नाही. तेव्हा ‘हरिश्चंद्रगड केला’ असे कोणी म्हटले, तर कोणत्या वाटेने हे विचारल्याशिवाय आदर दाखवू नये.

खरोखरच्या नवशिक्यासाठी लोहगड आणि सिंहगड हे दोन पाठ पुरेसे आहेत. लोहगडाला मळवली स्टेशनात उतरून, भाजे गावावरून गायमुख खिंडीत जाता येते आणि तिथून पुढे चक्क पायऱ्या आहेत. सिंहगडाचा चढ पायथ्याच्या आतकरवाडीपासून सुमारे सहाशे मीटरचा. पुण्यातले नेहमीचे चढणारे तो पाऊण तासात संपवतात आणि वर जाऊन घड्याळ दाखवतात; नवशिक्याला दीड ते दोन तास लागतात. सिंहगडाचा खरा धडा मात्र वर गेल्यावर मिळतो. घामाने निथळत, जीव मुठीत धरून नवशिक्या दरवाज्याशी पोहोचतो, तेव्हा वाहनतळावरून आलेली एक आजी, इस्त्रीच्या लुगड्यात, नातवाला भजी भरवत असते. गडावर डांबरी रस्ता जातो, ही माहिती सोबत्यांनी त्याला मुद्दाम दिलेली नसते.

कळसूबाई हे राज्यातले सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. तिला महाराष्ट्राचे एव्हरेस्ट म्हणण्याची पद्धत आहे. हिशेब करायचाच तर पाच कळसूबाया एकीच्या डोक्यावर एक उभ्या केल्या तरी एव्हरेस्टला सहाशेवर मीटर कमी पडतात. ती तूट सिंहगडाच्या चढाने जेमतेम भरून निघते. बारी गावातून वर जाणाऱ्या वाटेवर अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत आणि मधूनमधून लिंबूसरबताचे ठेले आहेत. नवशिक्या या दोहोंकडे सारख्याच आशेने पाहतो. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या देवीच्या दर्शनाला हीच वाट चढतात. पायांत साध्या चपला, हातात पूजेचे साहित्य, आणि तोंडाने बोलणे चालू. वाटेत बाजूला बसलेल्या शहरी तरुणाला त्या ‘दमलास का रे बाळा?’ असे मनापासून विचारतात. याहून जास्त खच्चीकरण दुसऱ्या कोणत्याही शिखरावर होत नसावे.

ऋतूंबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शहाण्यांचा हंगाम आणि जून ते सप्टेंबर हा सर्वांचा. पावसाळ्यात धबधबे, धुके आणि शेवाळ या तीन गोष्टी एकदम येतात. फोटोत पहिल्या दोनच दिसतात. मार्च ते मे या काळात गडावरची पाण्याची टाकी आटतात, कातळ तापतो आणि सावली मिळते ती फक्त स्वतःची. या दिवसांत जायचेच असेल तर उजाडायच्या आत चढायला लागावे आणि दहाच्या सुमारास खाली यावे.

तयारी म्हणून महिनाभर रोज जिने चढावेत, असे सर्व जाणकार सांगतात. पुण्यात त्यासाठी पर्वती आहे, मुंबईत इमारती आहेत. प्रत्यक्षात नवशिक्या तयारीची सुरुवात खरेदीपासून करतो आणि तिथेच संपवतो. खरेदीत बूट महत्त्वाचे. सह्याद्रीत ओल्या कातळावर पकड देणारा, खोल खाचांचा तळ असला की पुरे. किंमत ही बुटाची पकड नव्हे. एका पिढीने सगळे गड ‘ॲक्शन’च्या काही शे रुपयांच्या बुटांवर काढले आणि त्याआधीच्या पिढीने कॅनव्हासच्या. बूट नवा असेल तर तो आधी आठवडाभर घरात, बाजारात, जमल्यास ऑफिसात घालून हिंडवावा. पहिल्यांदा गडावरच नेलेला नवा बूट आपली ओळख टाचेला फोड आणून करून देतो.

सॅक भरणे ही कला आहे आणि ती घरात आई असेपर्यंत शिकता येत नाही. एका दिवसाच्या ट्रेकला लागते काय? तीन लिटर पाणी, जेवण, टॉर्च, टोपी, शिट्टी, रुमाल, मीठ-साखरेची पुडी, जुजबी औषधे आणि सगळे आत घालायला एक मोठी प्लास्टिकची पिशवी. कारण सॅकवरचे पावसाळी आवरण पाऊस सोडून बाकी सर्व अडवते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे पाण्याचेच तीन किलो झाले. घरून त्यात दशम्या, चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवड्याचा डबा, ‘असू दे, लागतो’ म्हणून स्वेटर आणि ‘सगळ्यांना पुरतील’ म्हणून एकवीस लाडू यांची भर पडते. चढताना हे ओझे मातृप्रेमाइतकेच अथांग वाटते. पण न्याय म्हणून एवढे नोंदवले पाहिजे की माथ्यावर ऊर्जेचे परदेशी बार आणणाऱ्याभोवती कोणी जमत नाही आणि दशम्यांचा डबा पाच मिनिटांत पुसून निघतो. मुक्कामाचा ट्रेक असेल तर शिधा वाटून घेतात. त्यात तांदूळ, डाळ, कांदे यांना गिऱ्हाईक लगेच मिळते, कारण ते रात्री संपतात. प्रश्न पातेल्याचा असतो. पातेले संपत नाही; खिचडी खाऊन झाल्यावरही ते तितकेच जड राहते आणि वर काजळी धरते. ते कोणी घ्यायचे याबाबत लोकशाही मार्गाने चर्चा होते आणि ते नवशिक्याच्या सॅकला बांधले जाते.

पहिल्यांदा एकट्याने जाऊ नये, हा नियम सर्वत्र सांगितला जातो आणि तो बरोबर आहे. गट चार ते पंधरांचा असावा. पुढे वाट माहीत असलेला लीडर, सर्वांत मागे अनुभवी माणूस आणि मध्ये नवशिके अशी रीत आहे. गटाच्या चालीत मात्र एक जुना अन्याय दडलेला आहे. पुढचे लोक भराभर चढून एखाद्या झाडाखाली बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. शेवटचा नवशिक्या तिथे पोहोचला की ‘चला, आले सगळे’ असे म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती वीस मिनिटे मिळते आणि ज्याला आहे त्याला अजिबात नाही. चांगला लीडर शेवटच्या माणसाला आधी बसवतो आणि मग स्वतः उठतो. यावरूनच चांगला लीडर ओळखावा. त्याच्या दाढीवरून नव्हे.

प्रवासाबद्दल नवशिक्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शेवटची कसारा लोकल ही झोपेची वेळ आहे, गाण्यांची नव्हे. आणि गावातून परत जाणारी शेवटची एस.टी. ट्रेकर खाली उतरण्याच्या थोडी आधी सुटलेली असते. उरते जीप, आणि जीपची आसनसंख्या ही गणिताची नसून सलोख्याची बाब आहे.

चढाईत सर्वांत वादग्रस्त विषय म्हणजे वेळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक साधा हिशेब मांडला, तो आजही वापरतात: दर पाच किलोमीटर अंतराला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सिंहगडाची वाट तीन किलोमीटरच्या आतली, चढ सहाशे मीटर. म्हणजे दीड तास. उत्तर बरोबर येते. नेस्मिथने यात विश्रांती, फोटो, ताक आणि बुटाची नाडी मात्र धरलेली नाही. त्याचे सूत्र सह्याद्रीत रुजले नाही, कारण इथे वेळेची दोन देशी मापे आधीपासून चालू आहेत. पहिले माप लीडरचे. ते ‘दहा मिनिटे’ असे असून चढाच्या कोणत्याही बिंदूपासून माथ्यापर्यंतचे अंतर त्यात मावते. दुसरे माप गावकऱ्याचे. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उतरणारा माणूस ‘हे काय, अर्ध्या तासात पोचताल’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो; तो स्वतःच्या पायांचा हिशेब देत असतो. त्याला दोनाने गुणावे. सांगताना त्याने नवशिक्याच्या पोटाकडे पाहिले असेल तर तिनाने.

वाट विचारणे हा चढाईइतकाच कष्टाचा भाग, कारण डोंगराची भाषा वेगळी आहे. ‘सोंडेवरून सुटायचं, नाळंत शिरायचं, कातळ उजव्या हाताला ठेवायचा आन् आडवी वाट धरायची,’ असे सांगितले जाते. नवशिक्याला वाक्यातला एकेक शब्द ओळखीचा वाटतो आणि तरी वाक्य कळत नाही. सोंड म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली उभी, दगडगोट्यांनी भरलेली घळ. कातळ उजव्या हाताला ठेवणे म्हणजे त्याला उजवीकडे ठेवून पुढे जाणे. हाताने काही करायचे नसते. नेढे म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, राजगडावर आणि रतनगडावर आहे तसे. तिथे बसले की वारा आपला अंगरखा भाड्याने घेतल्यासारखा वापरतो. टाके म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा हौद. गडावर टाके दिसले तर पाण्याची सोय झाली. पाय घसरून टाके पडले तर दवाखान्याची. ढोरवाटा हा आणखी एक चकवा. गुरे रानात जिकडे चारा तिकडे जातात आणि त्यांची वाट माणसांच्या वाटेपेक्षा रुंद, मळलेली आणि आत्मविश्वासपूर्ण दिसते. ती धरणारा तासाभराने एका म्हशीसमोर जाऊन उभा राहतो.

वाटाड्या म्हणून गावातला माणूस घ्यावा, त्याला ठरलेले पैसे द्यावेत आणि घासाघीस करू नये. पुष्कळदा वाटाड्या न सांगताही मिळतो. पायथ्याच्या गावातले एखादे कुत्रे गटाबरोबर निघते, प्रत्येक वळणावर थांबून मागे पाहते, माथ्यावर सर्वांच्या आधी पोहोचते आणि भाकरीच्या चतकोरावर संतुष्ट होते. कुत्र्यात लीडरचे सगळे गुण असतात आणि ते ‘दहा मिनिटे’ म्हणत नाही.

काही गोष्टींत विनोद नाही, त्या सरळ सांगितलेल्या बऱ्या. कड्यांत आणि लेण्यांत आग्या मोहोळे असतात. धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तरे यांनी ती उठतात, म्हणून या तिन्ही गोष्टी गावातच ठेवाव्यात. धबधब्याखाली उभे राहू नये. वरून पाण्याबरोबर दगडही येतात. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याची खोली पाहायची असेल तर जुने लोक काठापासून दूरच पोटावर आडवे होऊन, एकाने पाय धरून, मग डोके पुढे नेतात. उभ्याने, कड्याकडे पाठ करून, हात लांब करून फोटो काढण्याची नवी पद्धत शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांना कामाला लावते. आणि ठरलेल्या वेळी माथा आला नसेल, तर जिथे असू तिथून परत फिरावे. गड पुढच्या रविवारीही तिथेच असतो.

माथ्यावर पोहोचल्यावर नवशिक्या पहिल्यांदा बसतो, मग पाणी पितो आणि त्यानंतर मोबाइलला रेंज शोधतो. दृश्य पाहण्याचा क्रम चौथा. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्याने केली तो निदान एकदा तरी जवळ गेला असणार, याची खात्री इथे पटते. महाराजांचा जयजयकार होतो, गटाचा फोटो होतो, आणि कोणी ना कोणी जाणकार समोरचे डोंगर बोटाने दाखवून त्यांची नावे सांगू लागतो. धुके असले तरी सांगतो. बुरुजाच्या दगडावर बदामात कोरलेली नावेही याच वेळी दिसतात. ती सारी जोडपी अजून एकत्र असतील तर त्यांना गडावर आणून, हातात तारेचा ब्रश देऊन, तो दगड घासायला लावावा.

उतार हा सोपा असतो, असे नवशिक्या चढताना सतत म्हणत असतो. उतरू लागल्यावर त्याला ‘घसारा’ हा शब्द भेटतो. वाणिज्य शाखेच्या माणसाला हा शब्द ताळेबंदातून परिचित असतो: मालमत्तेची किंमत वर्षागणिक घटत जाणे. डोंगरात घसारा म्हणजे सुट्या मुरमाचा उतार, आणि तिथे ही घट वर्षाची वाट पाहत नाही. पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकवावेत, वाळल्या गवतावर भरवसा ठेवू नये, कारवीचे दांडे धरावेत, असे शास्त्र आहे. ते सुचेपर्यंत नवशिक्या बसलेला असतो. बसून घसरत उतरणे ही पद्धत सुरक्षित आहे, तिला कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र विजारीचा घसारा त्या एका दिवसात पूर्ण होतो आणि घरी परतताना सॅक पाठीऐवजी थोडी खाली बांधावी लागते.

दुखण्याचा हिशेबही उताराच्याच खात्यावर आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतात, आणि अशा कामाने ते चढापेक्षा जास्त दुखावतात. हे दुखणे लगेच येत नाही. रविवारी रात्री नवशिक्या ‘काहीच वाटत नाही’ असे सांगतो, सोमवारी जिना उतरताना कठडा धरतो, मंगळवारी जिना उलट्या तोंडाने उतरतो आणि देशी शौचालयात कुटुंबीयांना हाक मारावी की नाही यावर विचार करतो. दुखणे एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचते आणि मग आपोआप ओसरते. हळूहळू चालत राहिल्याने बरे वाटते, मलमाने मुख्यतः मनाला.

गुरुवारपर्यंत पाय पूर्ववत होतात. बूट मात्र रविवारी रात्रीच धुवावेत. सह्याद्रीचा चिखल सोमवारी सकाळी भाजलेल्या विटेइतका पक्का झालेला असतो आणि तो नंतर बुटासकटच निघतो.